बाजूच्या शेतात ६ एकरचा लेआउट (प्लॉट पाडणं) चालू आहे, मंजुरीच्या आधी हरकत घेता येते का?

निंबाचीसावली

रामराम मंडळी. जळगावला गावाच्या बाहेरच्या अंगाला आमची कॉलनी आहे, १५-२० वर्षं जुनी. मागे ६ एकर काळी जमीन, दरवर्षी कापूस असायचा, यंदा पेरलंच नाही. दिवाळी झाली अन जेसीबी आला, बांध काढला, फक्कीने रेषा मारल्या, आता खुट्या ठोकून त्यावर लाल रंगाने नंबर टाकणं चालू आहे. रोडला बोर्ड लागलाय 'एनए प्लॉट, बुकिंग सुरू, बँक लोन उपलब्ध'. बोर्डावर मंजुरीचा नंबर नाही, रेराचा (घर-प्लॉट विक्रीवरचा कायदा) पण नाही. दलाल म्हणतो फाईल टीपीत (नगररचना विभागात) आहे, महिन्याभरात होईल.

आमचं दुखणं असं की शेताच्या पूर्वेला नाला आहे, उन्हाळ्यात बघाल तर कोणाला नालाच वाटणार नाही, पण जोराचा पाऊस झाला की वरच्या सगळ्या शेतांचं पाणी त्यातूनच निघतं, आणि यांनी त्यात मुरूम लोटायला सुरुवात केली. तो बुजला तर पाणी कुठे येणार? आमच्याच गल्लीत. दुसरं म्हणजे आमचा रस्ता मागे बंद आहे, तो फोडून त्यांचा रस्ता जोडणार म्हणतात, म्हणजे नव्वदच्या वर प्लॉटवाल्यांच्या गाड्या आमच्या दारातून. अन पाणी, ते आत्ताच रोज येत नाही.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणे तिकडे असा लेआउट आला की प्लॅनिंग बोर्डाची मीटिंग असते, २०० फुटाच्या आत ज्यांची प्रॉपर्टी त्यांना आधी नोटीस जाते, मग लोक माइकवर उभे राहून बोलतात, बोर्ड सगळ्यांसमोर मतदान करतं. आपल्याकडे असं काही आहे का? असेल तर कुठे अन कधी?

कंपासपट्टी

मी बरीच वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात लेआउटच काढले, आता ते काम सोडलं म्हणून मोकळं बोलतो.

पहिलं बघा की ते शेत महापालिका हद्दीत आहे की बाहेर. हद्दीत असेल तर फाईल महापालिकेच्या नगररचनाकडे, परवानगी आयुक्तांची. बाहेर असेल तर एमआरटीपीच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम १८ खाली कलेक्टरकडे जाते आणि नगररचनाच्या सहायक संचालकांचा अभिप्राय लागतो. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो नुसता फिरत राहतो.

मावसभाऊ म्हणतो तसली मीटिंग आपल्याकडे एकेका लेआउटसाठी होत नाही. पब्लिकला बोलायचा टाइम आपल्याकडे त्याच्या खूप आधी असतो, शहराचा विकास आराखडा बनतो तेव्हा. कलम २६ ला प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, मग कलम २८ ची नियोजन समिती बसते, त्यात महापालिकेचे सदस्य असतात, सरकारने नेमलेले जाणकार असतात, आणि हरकत घेणाऱ्याला बोलावून ऐकतात. तेव्हा तिथे जातं कोण? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तोच. बाजूचा हिरवा, म्हणजे शेतीचा पट्टा पिवळा, म्हणजे रहिवासी होतोय याची कोणाला पडलेली नसते. नंतर मधेच झोन बदलायचा असला तर कलम ३७ ची नोटीस निघते, महिनाभर हरकती घेतात, तीही पेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, चष्मा लावून वाचावी लागते.

शेत एकदा रहिवासात, म्हणजे पिवळ्यात बसलं की प्लॉट पाडणं हा मालकाचा हक्कच झाला असं समजा. कलम ४४ चा अर्ज, ४५ खाली निर्णय, अधिकारी फक्त नियमात बसतंय का ते बघतो. आणि ६० दिवसांत काही कळवलंच नाही, अन लेआउट नियमात पूर्ण बसत असला, तर मंजूर झाला असं कायदाच धरतो. म्हणून तुम्ही टाइम घालवू नका. कलम ४७ चं अपील अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही.

आता तुमची तीन दुखणी. नळाच्या पाण्यावरून लेआउट अडेल ही आशा सोडा. रस्त्यावरून भांडूच नका, जुन्या मंजूर लेआउटमधला रस्ता सगळ्यांचा असतो, आणि बाजूच्या लेआउटचे रस्ते एकमेकाला जुळवून घ्या असं टीपीवाले स्वतःच सांगतात, नाहीतर सगळं शहर बंद गल्ल्यांचं होईल. तुम्हाला गैरसोय होईल मान्य, पण तिथे तुमची बाजू लंगडी आहे.

नाला मात्र धरून ठेवा. तुमची केस तिथेच आहे. यूडीसीपीआर, म्हणजे डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर लागू झालेली नियमावली, त्यात नाल्यापासून अंतर सोडून बांधकाम करायचं असं आहे, आणि काठ नीट नसलेला ओहोळ वळवायचा असला तरी प्राधिकरणाची परवानगी लागते, मालकाने रातोरात मुरूम टाकून चालत नाही. भूमी अभिलेखमधून गाव नकाशा काढा. सातबारा काढा आणि पोटखराबा बघा, वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ वगैरे न पिकणारी, वर्ग 'ब' म्हणजे नाला, रस्ता असल्या सार्वजनिक कामाला राखलेली. तिथे 'ब' खाली क्षेत्र दिसलं आणि त्याच जागेवर लेआउटात प्लॉट नंबर दिसले की अधिकाऱ्याला तुमचा कागद बाजूला सारता येत नाही.

केळीवाला_रावेर

मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो, कोणाला राग आला तर येवो.

६ एकर काळी जमीन शहराला लागून, कापसाला मजूर मिळत नाही, बोंडअळी येते, त्याच्या पोराला शेतात यायचं नाही. त्याने विकू नये तर काय करावं? तुमची कॉलनी कुठे आभाळातून पडली का, तिथेही कोणाचा तरी कापूसच होता ना भो. तेव्हा बाजूच्याने हरकत घेतली असती तर तुम्ही आज कुठे असता.

नाल्याचं मात्र कंपासपट्टी बरोबर बोलले. खान्देशची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते अन वाळली की भेगाळते. भरलेल्या नाल्यावर ज्याचं घर येईल त्याच्या भिंतीला पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तडे जातात, खाली नुसता मुरूम असतो अन त्याच्याखाली ओलच. म्हणजे नाला वाचवणं हे नव्या प्लॉटवाल्याच्याही फायद्याचं आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पांझराकाठ

धुळ्याहून. दलालाच्या 'फाईल टीपीत आहे' या वाक्यावर जरा सांगतो, कारण असल्या वाक्यावर माझ्या मेहुण्याने इसार दिला होता.

लेआउटची मंजुरी दोनदा होते हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. आधी तात्पुरती, तिला टेंटेटिव्ह म्हणतात. मग भूमी अभिलेखची मोजणी होते, जागेवर हद्दी कायम करतात, रस्ते, गटार, लाइट वगैरे कामं करायची, ओपन स्पेस कागदावर आणि जागेवर जुळवायची, त्यानंतर फायनल. दलाल दाखवतो तो नकाशा बहुतेक टेंटेटिव्हचा, कधी कधी तोही नाही, नुसता आर्किटेक्टचा प्रस्ताव, वर शिक्काच नाही. मेहुण्याला कलर प्रिंट दाखवली होती, हिरवीगार बाग, कारंजं, त्याचा प्लॉट बागेसमोर. फायनलला बाग भलत्या कोपऱ्यात, त्याच्या समोर लाइटची डीपी अन दुसऱ्याचं कंपाउंड. विकणारा म्हणे नकाशा 'सूचक' होता. पैसे परत मिळायला फार फिरावं लागलं.

आणि रेरा. जमीन ५०० चौ. मीटरच्या वर असली की प्लॉटच्या प्रोजेक्टलाही रेरा नोंदणी लागते, आणि नोंदणीच्या आधी जाहिरात, बुकिंग काहीच करता येत नाही. तुमच्याकडे ६ एकर, वर बोर्डावर 'बुकिंग सुरू'. त्या बोर्डाचा फोटो तारखेसकट काढून ठेवा, उद्या पावसात पडला म्हणतील. महारेराच्या साइटवर तक्रार करता येते. भाऊ, अजून टाइम शे, कामाला लागा.

कंपासपट्टी

पांझराकाठ यांनी बरं केलं, रेराचं माझ्या डोक्यातून गेलं होतं.

अजून एक बघण्यासारखं, मला ६ एकर वाचूनच खटकलं. ६ एकर म्हणजे २४,००० चौ. मीटरच्या थोडं वर. नियम असा की ४,००० च्या वरच्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस, आणि २०,००० च्या वर गेलं की त्याशिवाय ५ टक्के अ‍ॅमेनिटी स्पेस, शाळा, दवाखाना, बाजार असल्या कामाला. तुमच्याकडच्या हिशोबाने ओपन स्पेस २४ गुंठे आणि अ‍ॅमेनिटी १२ गुंठे. आजच्या भावात १२ गुंठे कोण सोडतो हो? म्हणून बऱ्याच ठिकाणी काय करतात तर फाईल टाकायच्या आधी भावाभावांत वाटणी दाखवतात, दोन सातबारे, तीन-तीन एकरच्या दोन फायली, दोन्ही २०,००० च्या आत. कागदावर सगळं बरोबर, जागेवर एकच गेट, एकच बोर्ड, एकच दलाल. मी स्वतः ड्रॉइंग बोर्डवर असे दोन जुळे लेआउट काढलेत, मधली हद्दीची रेघ बरोबर रस्त्याच्या मध्यातून जाते, तीच खूण. तुमच्याकडे तसं आहे का बघा, आणि असेल तर दोन्ही फायलींचे नंबर एकाच अर्जात लिहा.

माहिती अधिकारात टेंटेटिव्ह नकाशा, परवानगीचं पत्र आणि त्यातल्या अटी मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत द्यावं लागतं. पण त्याची वाट बघत बसू नका, नाल्याचं लेखी पत्र आधीच आवक-जावकला द्या अन पोच घ्या. पत्रात पाल्हाळ नको. गट नंबर, गाव नकाशावर नाला कुठून जातो, जागेवर काय चाललंय, फोटो, बस. 'आमच्या भावना दुखावल्या', 'कॉलनीचं वातावरण बिघडेल' हे लिहिलं की पत्र खाली जातं. मंजुरी मिळाली असली अन ती नाला लपवून घेतलेली असली तर महापालिका कायद्यातलं कलम २५८ आहे, खोटी माहिती देऊन घेतलेली परवानगी आयुक्त रद्द करू शकतात. आणि परवानगी नसताना भराव, रस्ते चालू असतील तर एमआरटीपीचं कलम ५३.

निंबाचीसावली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. विचारून आलो, शेत हद्दीतच आहे. रावेरच्या दादांचा राग अजिबात आला नाही, खरंय ते, आमच्या कॉलनीच्या जागी आधी ज्वारी होती असं जुने लोक सांगतात. रस्त्याचा मुद्दा सोडतो, जरी आमच्या अर्ध्या गल्लीला तोच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

सातबारा ऑनलाइन बघितला, पोटखराबा 'ब' खाली क्षेत्र आहे. आणि हो, दोन गट आहेत, दोन भावांच्या नावे, वाटणी मागच्याच वर्षीची. कंपासपट्टी तुम्ही ज्योतिषी आहात का राव.

एक शंका. आमच्या कॉलनीतर्फे अर्ज द्यायचा की माझ्या एकट्याच्या नावाने? अध्यक्ष म्हणतात कॉलनीच्या लेटरहेडवर देऊ, वजन पडतं.

टपरीवर_भेटू

वजन पडेल, पण आधी स्वतःचं अंगण बघा. कॉलनीचा ओपन स्पेस मोकळा आहे का? नव्वद टक्के कॉलन्यांत तिथे मंदिर, त्याला पत्र्याचं शेड, शेडखाली अध्यक्षांची गाडी. लेटरहेडवर अर्ज गेला की समोरचा बिल्डर पहिला त्याचाच फोटो काढून अर्जाला अर्ज टाकतो, मग दोन्ही बाजू गुपचूप बसतात. पाहिलंय असं.

कंपासपट्टी

टपरीवाले हसवतात पण मुद्दा बरोबर आहे. एकट्याच्या नावाने द्या, सोबत नाल्याकडच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्या पाच-सहा जणांच्या सह्या, ज्यांच्या घरात खरोखर पाणी शिरणार त्यांच्या. दोन्ही गट नंबर एकाच पत्रात, आणि मजकुरात ओपन स्पेसचा विषयच नको, फक्त नाला आणि अ‍ॅमेनिटी. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला, कारण पोटखराबा 'ब' हा महसूलचा विषय आहे, तहसीलदाराने पंचनामा केला तर तो कागद टीपीला डावलता येत नाही. मुरूम अजून ओला आहे तोवर पंचनामा करून घ्या, पुढच्या महिन्यात वरून रोलर फिरला की नाला कुठे होता हे दाखवायला फक्त नकाशा उरेल.

निंबाचीसावली

सोमवारी अर्ज टाकतो, तहसीलला पण जातो. शेडखाली गाडी अध्यक्षांची नाही हो, उपाध्यक्षांची आहे. त्यांना कोण सांगणार तेवढं बघावं लागेल.