रंग कुठे लावायचा नाही, तेही बघा
'स्प्रेचा रंग गाडीच्या चाकांवर टिकतच नाही, पावडर कोटिंगच (रंगाची पूड फवारून भट्टीत भाजणं) करा' हे इथल्या चर्चेतलं मत मला अर्धंच पटतं. पापुद्रे सुटतात ते बहुतेक वेळा खालच्या तयारीमुळे. कंपनीच्या अलॉय चाकांवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर असतो. त्याची चकाकी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण मारली नाही, ब्रेकची काळी भुकटी कोपऱ्यांत राहिली, तर महागडा रंगही सुटणारच. टायर उतरवायचीही गरज नाही, रिमच्या कडेला खेळायचे पत्ते गोल खोचले की मास्किंग झालं.

पण एक मुद्दा इथे कुणी काढलेला नाही. चाकाची हबला (चाक ज्यावर बसवतात तो गाडीचा भाग) टेकणारी मागची बाजू आणि नट बसतात त्या तिरप्या जागा कोऱ्याच ठेवा. तिथला रंगाचा थर दाबाखाली चेपतो आणि आवळलेले नट सैल पडतात. माल भरलेल्या ट्रकला हे परवडणारं नाही! पावडर कोटिंगवाल्यालाही हे आधीच बजावा, त्याचा थर आणखी जाड असतो. शिवाय ती भट्टी साधारण 200 अंश सेल्सिअसला तापते, म्हणजे टायर, व्हॉल्व्ह, प्रेशर सेन्सर सगळं उतरवायचं, तो खर्च वेगळा. चाकं चढवल्यावर 80-100 किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नट पुन्हा तपासा.