मदत हवी आहे: डॉक्टर म्हणतात "तुम्हीच ठरवा". आम्ही कशाच्या जोरावर ठरवायचं?

खिडकीपाशी (सोमवार, रात्री ११:१०)
गुरुवारी सकाळी उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

बाबांचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: ऑपरेशन, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं. "दोन्ही बरोबर आहेत, तुम्ही ठरवा." मी विचारलं, तुमचं मत काय? तर म्हणे निर्णय पेशंटचा असतो. अहो, आम्हाला ठरवता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?

भाऊ म्हणतो काढून टाका, डोक्याला ताप नको. आई म्हणते ज्याला स्वतःला ठरवता येत नाही तो डॉक्टर कसला, दुसरा बघा. आत सात-आठ मिनिटं होतो. बाहेर येऊन बोलायला लागलो तर तिघांनी तीन वेगळ्याच गोष्टी ऐकलेल्या.

गुरुवारी काय आणि कसं विचारायचं म्हणजे समोरचा चिडणार नाही आणि आमच्या हाती काहीतरी लागेल, एवढंच सांगा. अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज.

टाचणी (११:२२)
कसला रिपोर्ट? कशाचं ऑपरेशन? बाबांचं वय काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि "हाती काहीतरी लागेल" असं म्हणताय.

गणोबा (११:३१)
ताई, अनुभवाने सांगतो, दुसरं मत घ्या. माझ्या पित्ताशयात खडे होते. पहिले म्हणाले उद्याच काढा, दुसरे म्हणाले त्रास नाही तर हात लावू नका. सहा वर्षं झाली, खडे आहेत तिथेच आहेत, मीही आहे तिथेच आहे.

सुंठ (११:४०)
"तुम्ही ठरवा" म्हणजे "उद्या काही झालं तर आमच्याकडे येऊ नका". सरळ अंग काढून घेणं आहे हे. पूर्वीचे डॉक्टर छातीठोक सांगायचे.

फाईलबहाद्दर (११:५२)
सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून घ्या. रक्ताचे वेगळे, सोनोग्राफी वेगळी. मी रंगीत टॅब लावतो. पहिल्या पानावर एका कागदावर आजार, चालू औषधं, ॲलर्जी. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

खिडकीपाशी (मंगळवार, सकाळी ७:०५)
@टाचणी, मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण मला आजाराची माहिती नकोय, बोलायचं कसं ते हवंय. पण ठीक आहे. प्रोस्टेट. बायोप्सी झाली. वय ६७.

@फाईलबहाद्दर, फाईल आहे. टॅब नाहीत.

टाचणी (७:१८)
बायोप्सीत काय आलं? पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) किती? ग्लीसनचा आकडा लिहिलेला असेल, कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा, दोन अंकांची बेरीज असते. त्याशिवाय "लक्ष ठेवायचं" हा शहाणपणा आहे की वेडेपणा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

खिडकीपाशी (७:५०)
पीएसए ६.८. बारा तुकडे घेतले, दोनमध्ये सापडलं. ३+३=६. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला एक गोल काढला, आत दोन ठिपके दिले आणि शेजारी ३+३ लिहिलं. तो कागद बाबांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलाय. मागितला तर देत नाहीत.

आणि डॉक्टर हेही म्हणाले की ऑपरेशनने पसरण्याचा धोका निम्म्यावर येतो. भावाने तेवढंच धरून ठेवलंय. मग मधे एकदम "यानेच मृत्यू होईल असं नाही" असंही म्हणाले. ही दोन्ही वाक्यं एका माणसाच्या तोंडची कशी?

भूलवाला (९:१५)
मी पेशाने डॉक्टर आहे, मूत्ररोगाचा नव्हे, भूल देणारा. तेव्हा बेताने घ्या. ३+३ ही बायोप्सीत मिळणारी प्रत्यक्षात सर्वांत खालची पायरी. बाकी तपासण्याही तशाच असतील तर अशा वेळी लक्ष ठेवणे हा मान्य आणि बहुतेकदा आधी सुचवला जाणारा मार्ग आहे. याला "कॅन्सर" हा शब्द वापरावा का, यावरसुद्धा तज्ज्ञांमध्ये वाद चालू आहे. आणि लक्ष ठेवणे म्हणजे घरी बसणे नव्हे. ठरावीक अंतराने पीएसए, गरजेप्रमाणे एमआरआय, पुन्हा बायोप्सी. काही बदललं तर उपचार.

सुंठ यांच्यासाठी: आमच्या सरांच्या पिढीतले छातीठोक सांगायचे हे खरं. चूक निघाली तरी तितक्याच छातीठोकपणे सांगायचे.

सुंठ (९:२८)
आलेच डॉक्टरांच्या बाजूने डॉक्टर. पेशंटने तोंड उघडल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे तोंड घालतो, हे संशोधनातच आहे ना?

भूलवाला (९:४१)
आहे. १९८४ चं अमेरिकेतलं, ७४ भेटींवरचं. पण प्रत्येकाला मनसोक्त बोलू दिलं तर शेवटच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागेल.

अर्धवर्तुळ (९:५५)
नाही लागणार. स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं आणि घड्याळ लावलं. सरासरी ९२ सेकंद. चारातल्या तिघांहून जास्त लोक दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. २००२ साली छापून आलंय.

भूलवाला (१०:०२)
स्वित्झर्लंडची माणसं ती, घड्याळ बघूनच बोलणार. (हलके घ्या.)

टाचणी (१०:०६)
धागा कुठे चाललाय?

अर्धवर्तुळ (१०:४०)
बरं, मुद्द्यावर. "धोका निम्म्यावर" ऐकलं की पहिला प्रश्न: कशाच्या निम्मा?

ब्रिटनमध्ये याच आजारावर मोठी चाचणी झाली. १९९९ ते २००९ या काळात निदान झालेले ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: लक्ष ठेवणे, ऑपरेशन, रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचे निकाल २०२३ मध्ये आले. आजार शरीरात इतरत्र पसरला असे लक्ष ठेवण्याच्या गटात ९.४ टक्के, ऑपरेशनच्या गटात ४.७ टक्के. झालं निम्म्यावर! पण हेच शंभर माणसांवर मांडा. लक्ष ठेवलं तर नऊ जणांत पसरतो, ऑपरेशन केलं तर पाच जणांत. फरक शंभरात चार-पाच माणसांचा. आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावले ते तिन्ही गटांत शंभरात दोन-तीनच (३.१, २.२, २.९ टक्के). कुठल्याही कारणाने गेलेले सगळे धरले तर मात्र शंभरात बावीस.

म्हणजे तुमच्या डॉक्टरांची दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं गुणोत्तर आहे, दुसरं माणसं मोजून. गुरुवारी तिसऱ्यांदा "धोका" हा शब्द आला की म्हणा, "बाबांसारखे शंभर जण असतील तर किती जणांना?" चिडण्यासारखं त्यात काही नाही.

भूलवाला (११:१०)
चांगलं मांडलंत. दोन दुरुस्त्या. त्या चाचणीत ७ आणि वरचे ग्लीसनवालेही होते, आणि तेव्हाचं लक्ष ठेवणं आजच्यापेक्षा ढिलं होतं, मुख्यतः पीएसएवरच. त्यामुळे ९.४ हा आकडा ३+३ वाल्याला जसाच्या तसा लावू नका. खिडकीपाशी, बाबांच्या आकड्यांवर काय अंदाज आहे, हे त्याच डॉक्टरांना विचारा. दुसरं, लक्ष ठेवण्याच्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत केव्हा ना केव्हा उपचार घेतलेच. तेव्हा हा "कधीच नाही" असा निर्णय नसतो, बहुधा "आत्ता नाही" असा असतो.

गणोबा (११:३०)
एवढे आकडे कशाला? सरळ विचारा, "तुमचे वडील असते तर काय केलं असतं?" मी तेच विचारलं होतं. माणूस एकदम खरं बोलतो.

टाचणी (११:४४)
खरं बोलतो, पण स्वतःबद्दल. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांना याच आजाराबद्दल विचारलं होतं. सर्जन लोकांचा कल मोठ्या संख्येने ऑपरेशनकडे, रेडिएशनवाल्यांचा रेडिएशनकडे. ज्याच्या हातात जी कला. त्यांचे वडील रात्री दहा वेळा उठतात का, एकटे राहतात का, घाबरट आहेत का, याचा तुमच्या बाबांशी काय संबंध?

गणोबा (११:५१)
माझ्या वेळी तर सर्जनच म्हणाले होते काढू नका.

टाचणी (११:५३)
पहिले "उद्याच काढा" म्हणाले होते असं तुम्हीच वर लिहिलंय.

फाईलबहाद्दर (१२:१५)
मोबाइलवर रेकॉर्ड करा. परवानगी घेऊन. गुपचूप नको, फोन टेबलावर ठेवून सांगायचं, "घरी परत ऐकायचंय." तिघांनी तीन गोष्टी ऐकल्याची अडचण तिथेच मिटते. फाईलच्या नावात तारीख टाका.

रानजाई (दुपारी २:२०)
मी उशिरा वाचलं. आमच्याकडे हेच झालंय, नवऱ्याचं, चार वर्षांपूर्वी. ऑपरेशन केलं. पस्तावा नाही.

पण तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाऊ काय म्हणतो ते आहे, आई काय म्हणते ते आहे, डॉक्टर काय म्हणाले तेही आहे. बाबा काय म्हणाले? आणि त्या खोलीत कोण कुठे बसलं होतं?

खिडकीपाशी (३:०५)
मी आणि भाऊ टेबलासमोर, बाबा बाजूच्या स्टुलावर. आई मागे उभी. डॉक्टर बहुतेक भावाकडे बघूनच बोलत होते. बाबा काहीच बोलले नाहीत. ते नाहीच बोलत. "बरं" म्हणाले फक्त. रिपोर्ट आल्यापासून विचारलं की "बघू", नाहीतर "तुम्ही ठरवाल ते".

रानजाई (३:४०)
नवराही "बघू"च म्हणायचा. मग एकदा नर्सने मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर त्याने काय विचारलं ते मला दोन महिन्यांनी कळलं. ऑपरेशननंतर लघवी गळते ती किती आणि किती दिवस, हे एक. दुसरं नवरा-बायकोतलं. मुलगा, मुलगी आणि बायको खोलीत असताना ६७ वर्षांचा माणूस हे विचारेल असं वाटतं तुम्हाला?

आणि खरा फरक तिथेच पडतो बरं का. आम्हाला पहिले काही महिने पॅड लागले. हल्ली खोकला-शिंक आली तरच. तो म्हणतो, चालेल, पण शरीरात ते आहे आणि मी झोपतोय, हे जमलं नसतं. दुसऱ्याला उलट वाटेल.

अर्धवर्तुळ (४:०२)
रानजाई म्हणतात त्याचे आकडेही त्याच चाचणीत आहेत. बाराव्या वर्षी पॅड वापरणारे: ऑपरेशनच्या गटात २४ टक्के, लक्ष ठेवण्याच्या ११, रेडिएशनच्या ८. पसरण्यातला फरक आणि हा फरक शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठला जड, ते गणिताने निघत नाही.

सुंठ (४:१०)
म्हणजे शेवटी "तुम्हीच ठरवा" हेच ना? मग डॉक्टरने वेगळं काय सांगितलं होतं?

भूलवाला (४:३५)
शब्द तेच, पण क्रम चुकला. आधी पर्याय उलगडून सांगायचे, मग तुम्हाला कशाची भीती वाटते ते विचारायचं, मग "तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला असं वाटतं" म्हणायचं. शेवटचं वाक्य गाळून मोकळं होणं म्हणजे पेशंटचा मान राखणं नव्हे. सुंठ, यात मी तुमच्या बाजूचा. आणि खिडकीपाशी, ३+३ साठी गुरुवारची सक्ती कसली? "अजून काही आठवडे घेतले तर बिघडेल का?" हा पहिला प्रश्न ठेवा. बहुतेक "नाही" असंच ऐकाल.

निघताना आणखी एक करा: "मला जे समजलं ते मी सांगतो, चुकलं तर थांबवा" म्हणून बाबांनीच त्यांना परत सांगायचं. तुम्ही नाही.

खिडकीपाशी (रात्री १०:४८)
आत्ता बाबांच्या खोलीत जाऊन आले. म्हटलं, गुरुवारी आधी तुम्ही एकटे आत जाल का? बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्या भावाला सांग तू." एवढंच. पण चष्म्याची डबी उघडून तो कागद समोर धरला. गोलाच्या खाली त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या. वाचायच्या आत घडी घातली.

रानजाई (१०:५५)
वाचू नका.

खिडकीपाशी (गुरुवार, दुपारी १:३०)
जाऊन आलो. भाऊ आधी चिडला, मग फोन बघत बसला. बाबा एकटे आत होते अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, स्वित्झर्लंडसारखं. मग आम्हाला बोलावलं. बाबा टेबलासमोर, आम्ही मागे.

शंभरातले किती, ते मी विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत, कागद ओढून लिहायलाच लागले. घाईचं विचारल्यावर म्हणाले, गुरुवार हा फक्त पुढच्या अपॉइंटमेंटचा दिवस होता, मुदत कुणी सांगितली? (कुणीच नव्हती. आम्हीच ती ऐकली.) मत विचारलं तर या वेळी दिलं: बाबांशी बोलल्यावर लक्ष ठेवणं बरं वाटतं, आधी एमआरआय करू, त्यात काही वेगळं दिसलं तर पुन्हा बसू.

मग बाबांनी त्यांना सगळं परत सांगितलं. एक ठिकाणी चुकले, पुन्हा बायोप्सी लागेल हे त्यांनी धरलंच नव्हतं. ते ऐकून चेहरा पडला जरा. तरी "चालेल" म्हणाले. आईला अजूनही डॉक्टर बदलायचाय. रेकॉर्डिंग विसरले.

आत आधी काय बोलणं झालं ते विचारलं नाही.

फाईलबहाद्दर (१:४१)
रेकॉर्डिंग विसरलात म्हणजे आजच्या आज बसून लिहून काढा. तिघांनी वेगवेगळं.

सुंठ (१:५०)
डॉक्टर बरा निघाला म्हणायचा. अपवाद.

पेंगुळलेला (शनिवार, सकाळी ६:१२)
धागा वरवर वाचला. बाबांचं वय किती आणि बायोप्सी झाली का? माझ्या मते आधी दुसरं मत घ्या.