पेज टेबलमधील बदल हायपरकॉलने केल्यास वेग वाढेल का?

प्रश्न:
अभ्यासासाठी मी एक छोटा हायपरव्हायझर (आभासी संगणक, म्हणजे गेस्ट, चालवणारा प्रोग्राम) लिहीत असून त्यात शॅडो पेज टेबल वापरली आहेत, म्हणजे गेस्टच्या पेज टेबलची (आभासी पत्ते मेमरीतील पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यांची) हायपरव्हायझरने ठेवलेली प्रत. गेस्ट कर्नलने पेज टेबलमध्ये काही लिहिले की पेज फॉल्ट होऊन नियंत्रण हायपरव्हायझरकडे येते. फोर्कच्या (प्रोसेसची प्रत बनवण्याच्या) वेळी हे इतक्यांदा घडते की गेस्ट रखडतो. गेस्ट कर्नल बदलण्याची मुभा आहे. प्रत्येक नोंद थेट न लिहिता हायपरकॉलने (गेस्टने हायपरव्हायझरला थेट केलेल्या विनंतीने) पाठवली, तर फरक पडेल का?

उत्तर १:
एका नोंदीमागे एक हायपरकॉल केल्यास फारसा नाही, कारण व्हीएम एक्झिटचा (गेस्टमधून हायपरव्हायझरकडे जाण्याचा) खर्च तसाच राहतो. फॉल्ट प्रोसेसरच्या कोणत्या सूचनेमुळे झाला हे उलगडण्याचे काम तेवढे वाचते. खरा फायदा नोंदी साठवून एकदम पाठवण्यात आहे. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या झेन या हायपरव्हायझरने 2003 मध्ये हाच मार्ग धरला. तिथे प्रोसेसर गेस्टचीच पेज टेबल वापरत असे, मात्र गेस्टला ती केवळ वाचता येत. बदलांची यादी हायपरकॉलने आली की नोंदीतले मेमरीचे पान त्याच गेस्टचे आहे ना आणि पेज टेबलचे एखादे पान लिहिण्यास खुले होत नाही ना, हे तपासूनच झेन नोंद लागू करी. त्यामुळे शॅडो प्रतीची गरजच उरत नसे. लिनक्समध्ये यासाठी लेझी एमएमयू मोड (बदल साठवून नंतर एकदम पाठवण्याची सोय) आहे. मात्र त्या अवधीत गेस्टने नुकतीच बदललेली नोंद वाचली, तर जुनीच किंमत हाती येऊ शकते.

उत्तर २:
प्रोसेसरमध्ये इंटेलचे ईपीटी किंवा एएमडीचे एनपीटी (गेस्टचे पत्ते होस्टच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, पत्त्यांत हार्डवेअरनेच बदलणारी दुसरी पेज टेबल) असेल, तर हा खटाटोप माझ्या मते करू नये. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्येही असा हायपरकॉल होता, पुढे तो काढून टाकण्यात आला. ईपीटीमध्ये गेस्ट आपली पेज टेबल निर्धास्तपणे बदलतो. किंमत मोजावी लागते ती टीएलबीमध्ये (अलीकडे शोधलेले पत्ते जपणाऱ्या प्रोसेसरमधील साठ्यात) पत्ता न सापडल्यास. गेस्ट आणि होस्ट या दोन्ही बाजूंच्या टेबलांना चार स्तर असतील, तर 4 ऐवजी 24 वेळा मेमरी वाचावी लागू शकते. ह्यूज पेज (मेमरीची मोठी पाने) वापरल्यास हा भार बराच हलका होतो.

उत्तर ३:
ईपीटी आले तरी टीएलबी फ्लशचा (त्यातील जुने पत्ते पुसण्याचा) प्रश्न शिल्लक राहतो. गेस्ट आपल्या इतर व्हीसीपीयूंना (आभासी प्रोसेसरांना) आयपीआय (एका प्रोसेसरने दुसऱ्याला दिलेला इशारा) पाठवून थांबतो, आणि त्यांतला एखादा त्या क्षणी होस्टने बाजूला ठेवलेला असेल, तर ती वाट पाहणे निव्वळ वाया जाते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरमध्ये यासाठी स्वतंत्र हायपरकॉल आहे, कारण कोणता व्हीसीपीयू चालू आहे हे हायपरव्हायझरलाच ठाऊक असते. केव्हीएम तर इथे हायपरकॉलही टाळते: गेस्ट सामायिक मेमरीत एक खूण करतो आणि तो व्हीसीपीयू पुन्हा चालू होताना होस्ट फ्लश करतो. तुमच्या गेस्टला एकच व्हीसीपीयू असेल, तर अर्थात हे सारे गैरलागू आहे.