निवेदनं देऊन काय होतं? (समितीवाल्यांनी यावं, समितीच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनीही यावं)

एन-सातवाला
आपल्या संभाजीनगर शहराच्या ग्रुपवर परवा एका भावाने लिहिलं, ‘नागरिक कृती समिती म्हणजे रिटायर लोकांचा विरंगुळा. विकास आराखड्यावर हजारोंनी हरकती टाकल्या, एक आरक्षण (बाग, मैदान, रस्त्यासाठी राखलेली जागा) हललं का? निवेदन द्या, फोटो काढा, पेपरात आणा, झालं.’ तिथं उत्तर दिलं असतं तर गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथं सविस्तर.

हरकती फेटाळल्या जातात त्या लिहिण्याच्या पद्धतीने. एकच मजकूर, दोनशे झेरॉक्स, खाली फक्त नाव आणि सही वेगळी. आवक नंबर दोनशे मिळतात, पण छाननीत ‘समान स्वरूपाच्या हरकती’ म्हणून त्यांचा एक गठ्ठा होतो. नगररचना कायद्याच्या कलम २८ ची सुनावणी लागली की त्या अख्ख्या गठ्ठ्याला मिळून पाच-सात मिनिटं. मजकूर काय, तर ‘आमच्या कॉलनीवर अन्याय झाला आहे.’ नियोजन समितीने त्यावर शेरा तरी काय मारायचा?

चालणारी हरकत वेगळी दिसते. वर आराखड्याच्या नकाशाचा शीट नंबर, आरक्षणाचा क्रमांक, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर. सोबत पैसे भरून काढलेला आराखड्याचा भाग नकाशा आणि मोजणीची नक्कल, दोन्हींवर तीच जागा लाल पेनने. १८ मीटरचा रस्ता ‘आमच्या घरावर येतो’ असं लिहायचं नाही. न हलणारी एक खूण धरायची, विहीर, डीपी, देऊळ काहीही, आणि टेप लावून ‘डीपीपासून पूर्वेला ११ मीटर’ असं लिहायचं. (डीपी म्हणजे लाइटीची पेटी हो, आराखड्यालाही डीपी म्हणतात, तो नव्हे.) मग मागणी. ‘रस्ता रद्द करा’ हे पडतंच. ‘उत्तरेच्या बांधाकडे ६ मीटर सरकवा, तिथं बांधकाम नाही, दोन्ही टोकं जुळतात’ यावर निदान नकाशा उघडला जातो. टोकं मात्र खरंच जुळली पाहिजेत. रस्ता शेजारच्या शीटवरही जातो, तिथं तो तुटला की तुमची हरकत बाजूला. ‘व्यक्तिशः सुनावणी हवी’ हे वाक्य विसरू नका, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एवढं करणाऱ्याला विरंगुळा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बाँडपेपर
वा साहेब! भाग नकाशा, मोजणीची नक्कल, लाल पेन. शंभराच्या बाँडवर वीस बाय तीसचा प्लॉट घेतलेल्याने मोजणी कुठून आणायची? सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव. तुमच्या सिडको-हडकोसारख्या आखीव वसाहतींतल्या समित्या ‘मैदान वाचवा, हिरवळ वाचवा’ म्हणून कागद रंगवतात. आराखडा करणाऱ्याला मैदान कुठं तरी दाखवावंच लागतं, मग ते आमच्या पत्र्यांवर पडतं. गुंठेवारीचा (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचा) कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात घेतली, लई छान. पण आरक्षणातलं घर त्या फाइलीत बसवून दाखवा.

एन-सातवाला
मैदान तुमच्यावर कामून पडतं, ते पण सांगा की. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं रेखांकन मंजूर करून घेतलं तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. प्लॉट पाडणाऱ्याने तीसुद्धा विकली.

बाँडपेपर
विकणारा पांढऱ्या गाडीत फिरतो. हरकत त्याच्यावर घ्या, आमच्या पत्र्यावर नको.

जालना रोड
दोघंही थांबा. या शहरात जे हललं ते हायकोर्टाच्या खंडपीठाने हलवलं. नव्या पाणी योजनेत जनहित याचिका नसती आणि तारखेला प्रगतीचा हिशेब मागितला गेला नसता तर २,५०० मिमीचे पाइप अजून पैठण रस्त्याच्या कडेला पोरांना लपाछपी खेळायला असते. समित्यांनी वर्गणी काढून चांगला वकील लावावा, बाकी सगळं नाटक.

एन-सातवाला
वकील पहिलं काय विचारतो? ‘आधी अर्ज केला होता का, पोहोच आहे का?’ तो शिक्का निवेदनावरच असतो. आणि कोर्टाच्या आधीची कामं कोण करणार? त्याच नगररचना कायद्याचं कलम १२७ घ्या. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं गेली आणि जागा घेतली नाही, की मालक खरेदीची नोटीस देतो. तिथून २४ महिन्यांत संपादनाचं खरं पाऊल पडलं नाही की आरक्षण गेलं. नुसता ठराव केला म्हणजे पाऊल पडलं असं धरत नाहीत. बाग ‘अचानक’ गेली म्हणून लोक रडतात तेव्हा ते २४ महिने गुपचूप संपलेले असतात. समितीने दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एवढंच मागायचं: कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या, कोणत्या आरक्षणावर, कोणत्या तारखेला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत, नाहीतर तेवढंच कारण दाखवून परत येतो.

बाँडपेपर
हे कलम १२७ आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण खरेदीची नोटीस मालकाने द्यायची, आणि मालक कागदावर कोण? तोच पांढऱ्या गाडीवाला. धन्यवाद, लई उपयोग झाला.

जुना ओव्हरसियर
आराखड्यावर भांडताय ते ठीक, पण लोक समितीत येतात ते पाण्यासाठी. नळाला पाणी आलं की बैठकीला चार डोकी उरतात. आणि पाण्याच्या निवेदनातही तीच बोंब, ‘कमी दाबाने पाणी येते.’ कमी म्हणजे किती? मोजा की. २० लिटरची बादली नळाखाली धरा, मोबाइलवर वेळ लावा. ४० सेकंदात भरली तर मिनिटाला ३० लिटर. ४५ मिनिटं पाणी राहिलं तर १,३५० लिटर. सहा दिवसांचा गॅप, घरात पाच माणसं, म्हणजे माणशी रोज ४५ लिटर. शहराचं मानक १३५. हा हिशेब दहा घरांचा, लाइनीच्या सुरवातीची तीन, मधली तीन, शेवटची चार, एकाच दिवशी एका कागदावर मांडला की उपअभियंता ‘बघतो’ म्हणत नाही, लाइनचा नकाशा काढतो.

मात्र मोटार बंद ठेवून मोजा. मोटार लावून घेतलेला आकडा कचऱ्यात जातो.

तिसरा मजला
आली मोटार! मोटार न लावता तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवून दाखवा, उद्यापासून समितीची सतरंजी मी उचलतो. पाणीपट्टी ४,०५० ची २,०२५ झाली २०२२ ला, पाणी काही दुप्पट झालं नाही. मग माणूस मोटार लावणारच.

जुना ओव्हरसियर
मोटार कुठं लावताय हा प्रश्न आहे, भाऊ. रस्त्याच्या पातळीखाली हौद बांधा, पाणी आपल्या वजनाने हौदात पडू द्या, तिथून तिसऱ्याच काय पाचव्या मजल्यावर चढवा, कुणाचं काही जात नाही. तुम्ही मोटार थेट नळाच्या लाइनीला लावता. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार मिनिटाला ३०-३५ लिटर ओढते, शेजारच्या उघड्या नळाला मग दहासुद्धा मिळत नाही.

आता लाइन बघा. १०० मिमीची ५०० मीटर लाइन सहा दिवसांनी रिकामी झालेली असते. ती भरायलाच सुमारे ३,९०० लिटर लागतात. तोपर्यंत पुढच्या वीस घरांच्या मोटारी सुरू. शेवटच्या घराला पाणी पोचतं तेव्हा व्हॉल्व्ह बंद करायची वेळ झालेली असते. ते लाइनमनला शिव्या देतात.

आणि दुसरी गोष्ट, ही कुणी बोलत नाही. ओढल्यामुळे लाइनीत दाब शून्याच्या खाली जातो. फेरूलच्या (मुख्य लाइनीतून घराची जोडणी निघते त्या तुकड्याच्या) सांध्यापाशी गळती असेल आणि शेजारून नाली जात असेल, तर नालीचं पाणी आत येतं. ‘पहिली पाच मिनिटं घाण पाणी येतं’ म्हणता ते बहुतेक तुमचंच ओढलेलं असतं. क्लोरिन तपासा: नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ओटीचे (ऑर्थोटोल्युडिन, क्लोरिन तपासायचं औषध) दोन-चार थेंब टाकले आणि पिवळा रंग आलाच नाही तर ते पाणी प्यायचं नाही.

तिसरा मजला
हौद बांधा म्हणे. जागा कुठंय? पार्किंग फोडू का? आणि बाकीचे लावतात म्हणून मी लावतो. मी एकट्याने बंद केली तर मलाच मिळत नाही.

गल्ली नंबर शेवटची
हेच! ‘सगळे लावतात म्हणून मी.’ पाणी सोडायच्या वेळी फीडरची लाइट घालवा, एका दिवसात सरळ होतील.

तिसरा मजला
लाइट घालवा, मग इन्व्हर्टरवाले ओढतील आणि दळणवाला, झेरॉक्सवाला तुमच्या दारात येतील. ताई, विचार करून लिहीत जा.

गल्ली नंबर शेवटची
तुम्ही विचार करून पाणी ओढत जा.

लातूरकर
संभाजीनगरवाल्यांनो, तुमच्याकडे निदान नाथसागर (जायकवाडी धरण) आहे. एप्रिल २०१६ ला आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा कळलं की मोटारीवर भांडायलाही लाइनीत पाणी असावं लागतं.

टँकर येत असेल तर समितीने तोही मोजावा. टाकीची रुंदी गुणिले उंची गुणिले लांबी, त्याला ०.७८५ ने गुणा. १.६ गुणिले १.१ गुणिले ३.६ मीटरची टाकी असली तर जवळपास ४,९७५ लिटर, म्हणजे ‘पाच हजारी’ खरा. पण काठी घालून पाव उंचीला पाणी दिसलं म्हणजे पाव टाकी नव्हे. लंबगोल टाकीत ते पाचव्या हिश्शाएवढंच भरतं. फसतात ते इथं. वहीत गाडी नंबर, वेळ, काठीची उंची, दोन शेजाऱ्यांच्या सह्या.

जालना रोड
धागा समित्यांवर होता, टँकरच्या भूमितीवर आला.

जुना ओव्हरसियर
समितीला भूमिती येत नाही म्हणूनच तुम्ही तिला नाटक म्हणता ना?

बाँडपेपर
बरं, एक विचारतो, टोमणा समजू नका. आमच्या वस्तीत घरोघरी नळ नाही, सार्वजनिक स्टँडपोस्ट आहे, म्हणजे सगळ्यांना मिळून एक नळ. तुमचं हे बादलीचं गणित तिथं कसं लावायचं?

जुना ओव्हरसियर
तिथं उलट सोपं. बादली सेकंदात मोजाच, शिवाय रांगेतली घरं मोजा आणि पाणी किती मिनिटं चाललं ते लिहा. एकूण लिटर भागिले एकूण माणसं. मोजणी नकाशा लागत नाही, सातबारा लागत नाही.

एन-सातवाला
हे आम्ही आधीच वस्तीत येऊन करायला हवं होतं, हे मान्य. आरक्षणाचं मात्र मान्य नाही.

बाँडपेपर
अर्धी कबुली मिळाली, पेपरात छापून आणा.

तिसरा मजला
माझीही अर्धी घ्या. पाणी यायच्या वेळी मोटार बंद ठेवतो, पण लाइनीत दाब किती आहे ते आधी दाखवा. गेज कोणता घ्यायचा?

जुना ओव्हरसियर
अर्ध्या इंचाचा टी आणि कॉक टाकून मीटरच्या मागे बसवा. गेज ०-२.५ किलोचाच (चौरस सेंटिमीटरला) घ्या. दुकानदार ०-७ चा देतो, तो स्वस्त आणि हाताशी असतो. आपल्याकडे शेवटच्या गल्लीत ०.२ किलो दाब असतो, म्हणजे दोन मीटर चढेल एवढंच पाणी. सातच्या गेजवर काटा हलल्यासारखाही वाटत नाही. मग साहेब म्हणतात गेज खराब आहे, आणि तुम्ही म्हणता पाणीच नाही. फोटो काढताना गेजशेजारी मोबाइलचं घड्याळ धरा.

गल्ली नंबर शेवटची
आणि आधी मोटारीची वायर काढा, तिसरा मजला.