कुसळ दिसतंच, प्रश्न मुसळाचा आहे

‘येशूने दुसऱ्यांचा न्याय करू नका म्हटलंय, मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का?’ हा नेहमीचा प्रश्न रास्त आहे. पण बायबलातल्या मत्तयच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात (मत्तय ७), ‘न्याय करू नका’ हे पहिलं वचन वाचून आपण थांबतो. पाचव्यापर्यंत जा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल, असं तिथे आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. (कुसळ-मुसळ ही आपली जोडी मराठी बायबलात चपखल बसलीय.)

माणसाला मनाई आहे ती शेवटचा निकाल देण्याची. मत्तय १३ मधला येशूचा दाखला, म्हणजे बोधकथा, बघा. गव्हात शत्रूने तण पेरलं. चाकर म्हणतात, उपटून टाकू? धनी म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. भाताच्या खाचरात बेणणी केलेल्याला हे लगेच पटेल. काही गवत हुबेहूब रोपासारखं दिसतं, लोंबी आल्यावरच कळतं.

येशूचा प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला उलटंच सांगतो: मंडळीबाहेरच्यांचा न्याय देव करील, तुम्ही आतल्यांचं बघा. आपण मात्र बाहेरच्यांवरच तुटून पडतो, आणि आपल्या मंडळीतलं कोणी असलं की ‘जाऊ द्या हो’.