मदत हवी आहे: भिंतीतले कपाट फुगले आणि शटर घासते, जबाबदारी दुकानदाराची की फिटिंग करणाऱ्याची?

आम्ही झोपण्याच्या खोलीत मापाप्रमाणे बनवलेले, सरकत्या शटरचे, भिंतीला लागून असलेले कपाट करून घेतले. मालाचे बिल दुकानाच्या नावाचे आणि जीएसटीसह आहे. बसवण्याची मजुरी मात्र दुकानानेच पाठवलेल्या कारागिराला थेट यूपीआयने दिली आणि तिची वेगळी पावती मिळालेली नाही.

पहिल्याच पावसाळ्यात दोन प्रकारचे दोष दिसू लागले. उजवे शटर बंद केले की वर चौकटीला टेकते आणि खाली बोटभर फट राहते. ओळंबा सोडून पाहिला असता बाजूची उभी फळीच बाहेर झुकलेली असल्याचे दिसते. दुसरे असे की खालच्या फळीची मागची कड, जिथे जागेवर कापल्यानंतर एज बँडिंग (उघडी कड झाकणारी पट्टी) लावलेलेच नाही, ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगली आहे आणि तिथून दाबलेल्या भुशाचे दाणे स्पष्ट दिसतात. कोटेशनमध्ये मात्र संपूर्ण सांगाड्यासाठी 'बीडब्ल्यूआर प्लाय' (पाण्यात टिकणारे प्लायवूड) असे लिहिलेले आहे.

दुकानदाराचे म्हणणे असे की भिंतीला ओल आहे, फिटिंग त्यांचे नाही आणि मापाने बनवलेला माल परत घेतला जात नाही. कारागीर म्हणतो की फळ्याच चुकीच्या मापाच्या आल्या, म्हणून जागेवर कापाव्या लागल्या. वॉरंटी कार्डावर 'सदोष फिटिंगमुळे झालेले नुकसान वगळून' असे बारीक अक्षरात छापले आहे, म्हणजे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले की आम्ही मधल्या मध्ये लटकलेलेच. शिवाय थोडी रक्कम द्यायची बाकी असून ती पूर्ण भरल्याशिवाय माणूस पाठवणार नाही, असे दुकानाने कळवले आहे. अशा वेळी तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करावी, पूर्ण पैसे परत मागता येतात की केवळ दुरुस्ती, आणि उरलेली रक्कम रोखून धरणे योग्य ठरेल का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

आपल्या प्रश्नातील 'माल की फिटिंग' हा वाद दुकानदाराच्या सोयीचा आहे. ग्राहकाला तो आधी सोडवून यावा लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (जुलै 2020 पासून लागू) वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोहोंची स्वतंत्र व्याख्या करतो आणि दोन्ही बाबी एकाच तक्रारीत मांडता येतात. दुकानदार आणि कारागीर दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, उत्पादकाचे नाव बिलावर किंवा कार्डावर असेल तर त्यालाही. कोणाचा वाटा किती, हे ग्राहक आयोग ठरवील. कारागीर दुकानानेच पाठवला होता, हे दाखवणारा एखादा मेसेज आपल्याकडे असेल तर तो जपून ठेवावा, कारण 'फिटिंग आमचे नाही' हा बचाव मुख्यतः तिथेच मोडतो.

कोटेशनचा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो. वर्णनावरून माल विकला असेल तर तो वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे वस्तू विक्री कायदा 1930 चे कलम 15 सांगते. प्लाय लिहून पार्टिकल बोर्ड (दाबलेल्या भुशाची फळी) दिला असेल तर भिंत ओली होती की कोरडी, या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही. 'मापाचा माल परत नाही' या वाक्याचेही तसेच आहे. मन बदलले म्हणून परत करणे निराळे आणि सदोष म्हणून परत करणे निराळे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हे 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडते.

पूर्ण परताव्याची खात्री मात्र कोणी देऊ नये. 2019 च्या कायद्याच्या कलम 39 खाली आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. वापरात असलेल्या कपाटाबाबत यांपैकी काय पदरी पडेल, हे पुराव्यावर अवलंबून राहील. म्हणून मागणी पर्यायी स्वरूपात लिहावी: आधी सांगाडा बदलून पुन्हा बसवून देणे, ते न झाल्यास परतावा.

प्रतिसाद 2

मी याच व्यवसायात असल्यामुळे पुराव्यापुरते लिहितो. दुरुस्तीला माणूस आलाच तर त्याला ती फुगलेली फळी लेखी पोच दिल्याशिवाय नेऊ देऊ नका. एकदा ती गेली की तुमचा निम्मा दावा तिच्याबरोबर गेला. उघड्या कडेचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी धरून घ्या, आणि ओळंबा लावलेल्या फळीचाही घ्या. दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या सुताराकडून किंवा इंटिरियरवाल्याकडून तारीख घालून सहीचा पाहणी अहवाल घ्या. त्यात भिंतीच्या ओलीचा उल्लेख आवर्जून हवा, कारण समोरचा तीच ढाल पुढे करणार. कपाटामागची भिंत कोरडी असेल तर पाणी फरशी पुसताना उघड्या कडेतून शिरले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती कड सील करणे हे बसवणाऱ्याचेच काम होते. सामग्रीचा दर्जा वादात राहिलाच तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, परंतु त्यासाठी नमुना शिल्लक असायला हवा.

प्रतिसाद 3

उरलेली रक्कम रोखण्याबाबत माझे मत थोडे सावध आहे. गुपचूप न देणे आणि कारण लिहून न देणे यांत मोठा फरक पडतो. अमुक दोष दूर होताच ही रक्कम त्वरित दिली जाईल, असे ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवावे, म्हणजे थकबाकीदार ठरवण्याची संधी समोरच्याला मिळत नाही.

त्याच पत्रात दोषांचे वर्णन, कोटेशनमधील शब्द आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. तिचा निर्णय बंधनकारक नसतो, तरी काही दुकानदार तेवढ्यानेही बोलायला तयार होतात. तेथे काही न झाल्यास जिल्हा आयोगाकडे जावे. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि आपण जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वकील देणे बंधनकारक नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि 'पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो' अशा निरोपांनी ती आपोआप वाढत नाही, हे तारखा लावताना ध्यानात ठेवावे.