नोकरी, घर, मित्र, बातम्या: वेळ कसा बसवायचा?

प्रश्न: बातम्या बघायला फोन घेतला की तासभर त्यातच जातो. घरच्यांशी बोलणं, मित्रांना फोन, सगळं राहतं. नेमकं काय बदलावं?

उत्तर १: आधी बातम्यांच्या ॲपची नोटिफिकेशन्स बंद करा. घोळ तिथेच होतो: एक मथळा उघडला की खाली दुसरा तयारच, त्याला शेवट नाही. पेपर किंवा ई-पेपर संपतो तरी. सकाळी २० मिनिटं, अग्रलेखासकट. झोपताना अजिबात नको.

उत्तर २: "भेटू कधीतरी" म्हटलं की भेट झालीच नाही समजा. महिन्याचा पहिला रविवार ठरवून कॅलेंडरमध्ये रिपीट लावा. एखाद्याला जमलं नाही तरी तारीख हलवू नका, नाहीतर सगळंच बारगळतं.

उत्तर ३: घरी आल्यावर पहिला अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, रिंग चालू ठेवून. ऑफिसात आधीच सांगा: तातडीचं असेल तर मेसेज नको, कॉल करा.